खेळाच्या नफ्यात गावाचा वाटा

भाताची कापणी उरकून शेते मोकळी झाली, की उरण आणि पनवेल तालुक्यांत क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. टेनिसचा चेंडू, मोजक्या षटकांचे सामने, कर्कश ध्वनिक्षेपक, कमानीवर पुढाऱ्यांच्या छबी आणि व्यासपीठाशेजारी बक्षीस म्हणून उभी केलेली मोटारसायकल हे दृश्य या पट्ट्यात आता नवे राहिलेले नाही. नवा आहे तो सीमारेषेपलीकडचा कॅमेरा. गावच्या मैदानातील सामना आता मोबाइलवर थेट दिसतो. भाऊच्या धक्क्यावर मोरा बंदराच्या लाँचची वाट पाहत बसलेला नोकरदारही आपल्या गावची फलंदाजी तेथे बसून पाहू शकतो. यात कौतुक करण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु सामना दिसू लागला म्हणजे तो विकताही येऊ लागला. कमानीवर जाहिरात असते, सीमारेषेवर असते, पडद्यावरही असते. शेत शेतकऱ्याचे, मुले आगरी-कोळ्यांची, श्रम त्यांचे; मग विक्रीचा हक्क कोणाचा आणि तिच्या उत्पन्नात वाटा कोणाचा, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न गावच्या जत्रेपुरता राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागारात टेनिस चेंडूच्या क्रिकेटची व्यावसायिक स्पर्धा, ‘इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग’, सुरू झाली. सहा शहरांची नावे घेतलेले सहा संघ, प्रत्येकाचा मालक एखादा चित्रपट-कलावंत आणि दहा-दहा षटकांचे सामने, असे तिचे स्वरूप होते. रायगड-ठाण्याच्या शेतांत आणि मुंबईच्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या फुकट खेळला गेलेला खेळ त्या दिवशी रीतसर बाजारात आला. तो आला म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. ज्या मुलांना चामड्याचा चेंडू, पांढरे कपडे आणि शहरातील क्लबचे सभासदत्व कधी परवडले नसते, त्यांच्या गुणाला प्रथमच काही किंमत आली. मात्र बाजारात माल येतो तेव्हा त्याबरोबर वजनकाटाही यावा लागतो. तो कोठे आहे, हे पाहिले पाहिजे.

सामना ही विक्रीची वस्तू कशी बनली, याचा इतिहास फार जुना नाही. एके काळी सामना दाखविण्यासाठी क्रिकेट नियामक मंडळालाच दूरदर्शनला पैसे मोजावे लागत. १९९३ च्या हीरो चषक स्पर्धेच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले आणि सरकारशी तिचा वाद न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निकाल दिला. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, असे त्या निकालाचे सार होते. त्यातील मक्तेदारी मोडण्याचा भाग बाजाराने तत्परतेने उचलला. लोकहिताचा भाग मात्र बराच काळ कागदावर राहिला. २००७ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले आणि जाहिरातींच्या उत्पन्नाची विभागणीही ठरवून दिली: दूरचित्रवाणीच्या बाबतीत हक्कधारकाला ७५ टक्के आणि प्रसार भारतीला २५ टक्के. प्रेक्षकाचा हक्क अशा रीतीने कायद्यात आला. खेळाडूचा हक्क मात्र त्यात नव्हता.

आज या व्यापाराचा आकार केवढा आहे? २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी इंडियन प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क १६,३४७.५० कोटी रुपयांना विकले गेले होते. २०२३ ते २०२७ या पुढील पाच वर्षांसाठी तीच रक्कम ४८,३९० कोटींवर गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी रुपये झाले. आता दुसरी बाजू पाहू. २०२५ च्या हंगामासाठी दहा संघांपैकी प्रत्येकाला खेळाडू घेण्याकरिता १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. दहा संघांचे मिळून १,२०० कोटी. सामन्याचे मानधन वगैरे धरले तर हा आकडा काहीसा वाढतो. तरीही तिकिटे, गणवेशावरील नावे आणि इतर उत्पन्न सोडून केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी तुलना केली, तरी लिलावाची थैली त्याच्या सुमारे एक-अष्टमांश भरते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल आणि फुटबॉल स्पर्धांत खेळाडूंच्या संघटनांनी सामूहिक करार करून एकूण उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मिळविला आहे. आपल्याकडे खेळाडूला कोटी मिळाले ही बातमी होते. ते किती कोटींतून मिळाले, ही बातमी होत नाही.

त्याहून गंभीर बाब मालकीच्या गुंत्याची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील माध्यम-व्यवसायांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि त्या स्पर्धेच्या दूरचित्रवाणीचे व इंटरनेटचे हक्क एकाच घरात आले. स्पर्धेतील मुंबईचा संघ त्याच रिलायन्स समूहाचा आहे. प्रो कबड्डीची कथाही अशीच आहे. ती भरविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स कंपनीत ७४ टक्के हिस्सा प्रक्षेपण करणाऱ्या स्टार कंपनीने घेतला. यात बेकायदा काही नाही. परंतु स्पर्धा भरविणारा, ती दाखविणारा आणि संघ बाळगणारा या भूमिका एकमेकांत मिसळू लागल्या, की त्या व्यवहाराविषयी निःसंकोच प्रश्न विचारणारा आवाज पडद्यावर उरत नाही. समालोचक ज्याचे वेतन घेतो, त्याचे दोष तो कसा सांगणार?

कबड्डीचे उदाहरण रायगड जिल्ह्याला अधिक जवळचे आहे. हा खेळ येथील मातीत वाढला. बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी त्याला नियमांची शिस्त आणि देशभर मान मिळवून दिला. १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोचला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सर्वांत महागड्या खेळाडूची बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ च्या लिलावात ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. खेळाडूच्या दृष्टीने ही मोठीच झेप म्हटली पाहिजे. त्याचबरोबर माती जाऊन मॅट आली, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले आणि पडद्यावर रंगत यावी म्हणून नियमांतही भर पडली. मॅटवर खेळायचे तर मॅटवरच सराव हवा. ती ज्या गावात नाही, तेथील मुलगा कितीही चपळ असला तरी निवडीच्या दारापाशीच मागे पडतो. ज्या मातीने खेळ दिला, तिलाच तो परका होऊ लागला, तर नफ्यातील काही अंश त्या मातीकडे परत आणणे ही दया नव्हे, ते देणे आहे.

यापूर्वीची व्यवस्था निर्दोष होती असे नाही. तथापि तिच्यात एक शहाणपण होते. बँका, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, गिरण्या आणि खाजगी कंपन्या खेळाडूंना नोकरी देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांच्या कबड्डी संघांनी कित्येक घरांत नियमित पगार पोचविला. पैसा थोडा होता, पण गुडघा दुखावला तरी पहिल्या तारखेला तो मिळे. आणि खेळ संपल्यावर भविष्यनिर्वाह निधीही असे. लिलावाने एका हंगामाची किंमत वाढविली आणि त्यापुढची तीस वर्षे खेळाडूच्या नशिबावर सोडली. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे खरे. पण मान्यताप्राप्त संघटनांच्या चौकटीबाहेर, चषकांवर आणि बोलीवर जगणाऱ्या मुलाला त्याचा लाभ कसा मिळावा?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लिलावात कोणी कोणाला बांधून आणत नाही. कंपन्यांनी जोखीम पत्करली म्हणून पैसा आला. वाट्याची भाषा सुरू झाली तर भांडवल पळून जाईल. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. जोखीम घेणाऱ्याला नफा मिळालाच पाहिजे. पण जोखीम केवळ भांडवलाची असते काय? विशीतील पोराने शिक्षण अर्धवट सोडून, कंपनीतील रोजंदारी बुडवून खेळावर लावलेली वर्षे ही जोखीमच आहे, आणि ती बुडाली तर कोणताही ताळेबंद तिची नोंद घेत नाही. शिवाय करारावर सही करताना एका बाजूला वकिलांचा ताफा आणि दुसऱ्या बाजूला एकटा मुलगा असेल, तर त्या संमतीला स्वेच्छा म्हणताना थोडे थांबावे लागते. क्रिकेटमध्ये २०१९ साली खेळाडूंची संघटना स्थापन झाली खरी. पण ती निवृत्त खेळाडूंची. मैदानात उतरणाऱ्यांसाठी बोलणारे कोणी नाही.

महाविद्यालयांनाही हा विषय दूरचा वाटू नये. अमेरिकेत विद्यापीठांच्या सामन्यांचे हक्क अब्जावधी डॉलरना विकले जात, प्रशिक्षकांना गडगंज वेतने मिळत, आणि खेळणारा विद्यार्थी मात्र ‘हौशी’ म्हणून शिष्यवृत्तीवर ठेवला जाई. २०२१ मध्ये त्याला स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार महाविद्यालयांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षी ही मर्यादा प्रत्येक महाविद्यालयास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची होती. हे विद्यापीठांनी उदारपणे दिलेले नाही. विद्यार्थी न्यायालयात गेले, तेव्हा ते मिळाले. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन खेळाचे चित्र अजून साधे आहे. परंतु विद्यापीठांच्या स्पर्धा पडद्यावर येऊ लागल्या आहेत आणि गुणी विद्यार्थ्यावर संघमालकांचा डोळा आहे. परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आला तर विद्यार्थ्याने काय करावे, दुखापतीचा खर्च कोणी द्यावा, त्याची छबी जाहिरातीत वापरली तर परवानगी कोणाची, याचे नियम गरज पडण्याआधी करावेत, एवढे शहाणपण दुसऱ्यांच्या अनुभवावरून आपल्याला घेता येईल.

वृत्तपत्रांनीही स्वतःकडे पाहिले पाहिजे. कोणाची बोली किती लागली याचे रकानेच्या रकाने भरणाऱ्या पानांत पराभूत खेळाडूच्या पुढील आयुष्याला चार ओळी मिळत नाहीत. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या मोबाइल-खेळांच्या जाहिराती वर्षानुवर्षे घराघरांत गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ बंद केले. भारतीय संघाच्या गणवेशावरील ‘ड्रीम ११’ हे नाव गेले आणि सप्टेंबरमधील आशिया चषकात संघ पुरस्कर्त्याविना उतरला. क्रीडाजगताचा केवढा डोलारा कोणत्या पैशावर उभा होता, ते त्या रिकाम्या गणवेशाने सांगितले. ते आधी सांगणे हे माध्यमांचे काम होते.

या सगळ्यावरचे उत्तर शोधायला उरण-पनवेलच्या माणसाला परदेशी जाण्याची गरज नाही. नवी मुंबईसाठी आणि न्हावा-शेवा बंदरासाठी याच पट्ट्यातील जमिनी गेल्या. भाव ठरविणारे दुसरे, नफा मिळविणारे तिसरे आणि जमीन देणारा मात्र बाहेर, ही स्थिती दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी नाकारली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारांत पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व निघाले. त्या तत्त्वाचा गाभा साधा आहे: एकदाच हातावर ठेवलेला मोबदला पुरेसा नाही; ज्याच्या जोरावर संपत्ती उभी राहते, त्याला पुढील वाढीतही वाटा हवा. अंमलबजावणीत रखडपट्टी झाली, भूखंड दलालांच्या घशात गेले, हे खरे. पण तत्त्व कोणी खोटे ठरवू शकलेले नाही. जमिनीला लागू पडलेला न्याय अंगच्या गुणाला लागू पडू नये, असे कोणते कारण आहे?

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत, मग ती शेतातील असो वा क्रीडागारातील, खेळाडूशी त्याला समजेल अशा मराठीत लेखी करार असावा. प्रक्षेपणाच्या व जाहिरातीच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा खेळाडूंना आणि काही हिस्सा त्या गावच्या मैदानाला मिळावा. दुखापतीचा विमा उतरविल्याशिवाय सामन्याला परवानगी नसावी. आयोजक मंडळांनी जमाखर्च गावासमोर वाचून दाखवावा. सप्ताहाचा आणि पालखीचा हिशोब देणाऱ्या गावकीला हे अवघड नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने खेळाडूंच्या प्रतिनिधित्वाची जी सोय केली आहे, ती पदकविजेत्यांपुरती न ठेवता जिल्ह्यापर्यंत उतरवावी.

यातील बहुतेक कामांना मंत्रालयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ती गावच्या चावडीवर आणि शाळेच्या शिक्षक-खोलीत सुरू होऊ शकतात. कराराचा कागद वाचून दाखवणारा एक शिक्षक, हिशोबाची वही नीट ठेवणारा एक कारकून आणि सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणारा एक विद्यार्थी एवढी सामग्री प्रत्येक गावात आहे. शेतांच्या जागी कंटेनरची आगारे उभी राहत असताना खेळायला मोकळी जमीन आधीच कमी होत चालली आहे. जी मैदाने उरली आहेत, त्यांवर खेळणाऱ्या मुलांनी पुन्हा एकदा मोबदला घेऊन बाहेर उभे राहायचे, की वाटेकरी म्हणून आत बसायचे, हे ठरवायला या हंगामाइतकी चांगली वेळ दुसरी नाही.