बटनवर बाशिंगाचा उतारा?

"ताई, यंदा त्याचे दोनाचे चार हात करून टाकते. अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल आपोआप." बचत गटाची बैठक संपल्यावर एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली. मुलगा चोवीस वर्षांचा. वाळूजला कंपनीत होता, आता घरीच असतो. पॅंट धुवायला घेतली तेव्हा खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली.

'बटन' म्हणजे काय, हे छत्रपती संभाजीनगरात वेगळं सांगायला नको. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या खरं तर झोपेच्या, चिंता कमी करण्याच्या गोळ्या. चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, कोणाला दिल्या ते दुकानदारानं लिहून ठेवावं, असा नियम २०१४ पासून आहे. तरी गल्लीबोळात मिळतातच. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरात आणि पैठण एमआयडीसीत छापे पडले, अडीचशे कोटींचं कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन सापडलं, तेव्हा आपण सगळ्या टीव्हीसमोर बसून हळहळलो. पण आपल्या घरात शिरतं ते कोटींचं नसतं. खिशात मावेल एवढंच असतं.

आणि त्यावर आपला उतारा काय, तर लग्न! दारुड्याला बायको आणून सुधरवायची ही जुनीच युक्ती. दारू गेली नाही, किती जणींच्या गळ्यातलं मात्र गेलं. बायोडेटात 'निर्व्यसनी' ठळक अक्षरांत लिहायचं आणि हळद लागली की सुटलो म्हणायचं. हे पुरुषच करतात असं नाही बरं का, यात आपण बायका पुढे असतो. एका आईनं सुटायचं आणि दुसरीच्या लेकीनं अडकायचं.

व्यसन हा आजार आहे, हे ओळखून डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी मदत दिली. तिथे रुग्णाच्या बायकोलाही आधार देतात, कारण तीही पोळलेली असते. मग ठाऊक असताना आणखी एकीला कशाला पोळायचं?

मी त्या बाईला एवढंच म्हटलं, आधी डॉक्टर, मग बाशिंग. तर ती म्हणते, "दोन दिवस खोलीत कोंडते, सुटेल." अगं बाई! या गोळ्या एकदम तोडल्या तर झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. पोलीस धरतील ही दुसरी भीती. पण नशा करणारा स्वतःहून मान्य केंद्रात उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला, तर त्याच्यावर सेवनाचा खटला भरू नये, अशी कायद्यातच सोय आहे, कलम ६४-अ. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

गेल्या सोमवारी मायलेक घाटीत जाऊन आले, मानसोपचार विभागात. गोळ्या कमी करायला सुरुवात झालीय. साखरपुडा मात्र अजून मोडलेला नाही. मुलीकडच्यांना खरं काय ते सांगायला हवं, हे तिलाही पटतंय. "पण तुम्हीच सांगा ना ताई," असं तिचं चाललंय. मी म्हणते, सोबत येते, पण तोंड तू उघडायचंस.