तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा

टू-फोर-डी हे निवडक तणनाशक. उसातलं रुंद पानांचं तण मारतं, उसाला धक्का लावत नाही. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण कपाशी, द्राक्ष, टोमॅटो हीसुद्धा रुंद पानांचीच! औषधाला बांध कळत नाही. वाऱ्याने उडालेल्या तुषारांनीही शेजारच्या कपाशीची पानं भेंडीसारखी लांबट, बारीक होतात, वाढ खुंटते.

दुसरा धोका पंपाचा. तोच पंप नुसता विसळून कपाशीवर कीटकनाशक फवारलं, तरी तीच गत. मग दोष बियाण्याला!

आमचं स्पष्ट मत आहे: तणनाशकाला वेगळा पंप हवाच. एकट्याला परवडत नसेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या, त्यावर लाल पट्टा मारा. पंपाचा खर्च एकदाच होतो. कपाशी गेली तर अख्खं वर्ष जातं.

✅ वारा शांत असतानाच फवारा, नोझल खाली धरा.
✅ मात्रा लेबलवर असेल तेवढीच. हातमोजे, मास्क वापरा.
✅ पंप विहिरीवर, ओढ्यावर धुऊ नका.
✅ फवारणीआधी बांधाशेजारच्याला एक फोन करा. नुकसान झाल्यावर भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी