सायगावचा पाहुणा आणि बर्लिनची गर्दी

अमेरिकेत अध्यक्षपदाचा इच्छुक परदेशी निघाला की टीका ठरलेली: हा दौरा फक्त फोटोंसाठी. सैनिकांशी हस्तांदोलन, पंतप्रधानांच्या शेजारी खुर्ची आणि घरच्या मतदाराला दाखवायला दूरचित्रवाणीवर चार मिनिटे. आठ-दहा दिवसांत परराष्ट्र धोरण कुणाला कळते?

2008 च्या जुलैत बराक ओबामा यांनी हे सगळे ऐकले. अफगाणिस्तान, इराक, जॉर्डन, इस्रायल असे करत ते युरोपात पोचले. 24 जुलैला बर्लिनच्या विजयस्तंभापाशी सुमारे दोन लाख लोक जमले. आठवडाभरात प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांच्या प्रचाराने तीच गर्दी जाहिरातीत दाखवून ओबामांना निव्वळ प्रसिद्धीचा चेहरा ठरवले. पण ओबामा 2006 नंतर इराकला फिरकलेच नाहीत, असा ठपका आधी ठेवला होता तो याच बाजूने. गेले नाहीत तर अज्ञानी, गेले तर दिखाऊ! हा आक्षेप नव्हे, कोंडी आहे. शिवाय त्या भाषणात ओबामांनी जर्मन श्रोत्यांना सांगितले, की अफगाणिस्तानला अमेरिकेच्या आणि जर्मनीच्याही सैन्याची गरज आहे. ते ऐकायला तिथे कुणी उत्सुक नव्हते. नुसत्या टाळ्या हव्या असलेल्याने ते टाळले असते.

तरीही गर्दी हे दौऱ्याचे माप नव्हे, एवढे टीकाकारांचे खरे आहे. माप शोधायचे तर 1951 कडे जावे लागते.

त्या वर्षी 34 वर्षांचे काँग्रेस सदस्य जॉन केनेडी भाऊ रॉबर्ट आणि बहीण पॅट्रिशिया यांना घेऊन सात आठवडे पश्चिम आशियापासून पूर्व आशियापर्यंत हिंडले. सिनेटवर त्यांची नजर होती आणि परराष्ट्र व्यवहारातला अधिकार त्यांना कमवायचा होता. हेतू राजकीयच होता. दिल्लीत ते नेहरूंना भेटले. सायगावात फ्रेंच सेनापती द लात्र विजयाची खात्री देत होते. केनेडी तेवढ्यावर थांबले नाहीत. सीमोर टॉपिंग हा अमेरिकी वार्ताहर आणि एडमंड गलियन हा तिथला अमेरिकी राजनैतिक अधिकारी, दोघांनी त्यांना उलटे सांगितले: फ्रेंच हे युद्ध हरणार. परतल्यावर केनेडींनी जाहीरपणे म्हटले, की इंडोचायनात अमेरिका एका साम्राज्याचे उरलेसुरले टिकवू पाहणाऱ्यांच्या पंक्तीला बसली आहे. पुढे 6 एप्रिल 1954 ला सिनेटमध्येही त्यांनी तोच धागा धरला. महिन्याभराने फ्रेंचांचा दिएन बिएन फूचा तळ पडला. यजमानाने आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकणे आणि घरी येऊन अप्रिय ते बोलणे, दौरा सार्थकी लागतो तो इथे. वॉशिंग्टनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हे जमले नसते.

यावर कुणी विचारील, मग याच केनेडींच्या अध्यक्षपदाच्या काळात व्हिएतनाममधले अमेरिकी सल्लागार हजाराच्या आतून 16,000 वर कसे गेले? प्रश्न रास्त आहे, आणि त्यांचा बचाव करण्याचे कारण नाही. पण तो दोष सायगावात मिळालेल्या ज्ञानाचा नाही. ते ज्ञान हाताशी असताना, कम्युनिस्टांपुढे नमल्याचा शिक्का बसेल या धास्तीने ते बाजूला सारले गेले.

टीकाकारांचे हुकमी उदाहरण म्हणजे मिशिगनचे तेव्हाचे गव्हर्नर आणि अध्यक्षपदाचे इच्छुक जॉर्ज रॉम्नी. 1965 मध्ये व्हिएतनाम पाहून ते युद्धाच्या बाजूने परतले. ऑगस्ट 1967 च्या अखेरीस एका मुलाखतीत त्यांनी सांगितले, की तिथे सेनापतींनी आणि मुत्सद्द्यांनी आपले पुरते ‘ब्रेनवॉशिंग’ केले होते. त्या एका शब्दाने घात केला. फसला तो भोळा, असे सगळीकडे झाले. परंतु रॉम्नींनी दौऱ्यात ऐकलेले पुढे तपासले, चूक मान्य केली आणि मत बदलले. उमेदवाराकडून याहून अधिक काय मागायचे? जानेवारी 1968 च्या अखेरीस व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या टेट हल्ल्यांनी त्या सरकारी आश्वासनांचा पोकळपणा उघडा पाडला. तोवर त्यांचा पाठिंबा ओसरला होता; 28 फेब्रुवारीला, न्यू हॅम्पशायरच्या मतदानाआधीच, ते शर्यतीतून बाहेर पडले.