विजेते विसर्जित, तालमी टिकून

महाराष्ट्रातील फुटबॉल क्लबांचा पंचवीस वर्षांचा इतिहास चाळला तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. येथे क्लब बंद पडतात ते पराभवामुळे नव्हे. मैदानावर नाव कमावलेले संघ मालकांच्या एका निर्णयाने इतिहासजमा होतात आणि त्यांच्यासोबत खेळाडूंची एक अख्खी पिढी उघड्यावर येते. भेंडवळच्या घटमांडणीतूनही ज्याचे भाकीत काढता येऊ नये, असे हे अनिश्चित भवितव्य आहे. मुंबई-पुण्यात घडलेल्या या घडामोडींची झळ बुलडाण्यासारख्या जिल्ह्यापर्यंत पोहोचते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

कारखान्याचा संघ, कंपनीची मर्जी

महिंद्र युनायटेडचे उदाहरण या बाबतीत सर्वात बोलके आहे. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा हा संघ १९६२ मध्ये सुरू झाला. त्या काळी मुंबईच्या फुटबॉलची घडीच कंपनी-संघांवर बसलेली होती. खेळाडूला नोकरी मिळे, दुपारनंतर सरावाची सवलत मिळे आणि खेळ संपल्यावर निवृत्तीपर्यंत पगार चालू राही. गिरण्या, बँका, रेल्वे आणि सार्वजनिक उपक्रमांचे संघ याच पद्धतीने उभे राहिले. मध्यमवर्गीय घरातील मुलाने फुटबॉल खेळावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर या नोकरीत दडलेले होते.

१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि व्यावसायिकतेचे वारे वाहू लागले. २००० मध्ये संघाने महिंद्र युनायटेड हे नाव धारण केले. ड्युरँड करंडक तीनदा, फेडरेशन करंडक २००३ व २००५ मध्ये, तर आयएफए शील्ड २००६ व २००८ मध्ये या संघाने पटकावले. २००५-०६ च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही मिळाले. महाराष्ट्रातील संघाने ही लीग जिंकण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ ठरली.

इतके असूनही मार्च २०१० मध्ये संघ बरखास्त करण्याची घोषणा झाली. वरिष्ठ संघाऐवजी शालेय व युवा स्पर्धांवर भर देण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले. हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. तथापि शालेय स्पर्धेतून पुढे येणाऱ्या मुलाने पुढे कोणत्या संघात जायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. शिडीच्या खालच्या पायऱ्या मजबूत करताना वरची पायरी काढून घेण्याचाच हा प्रकार होता. वर्षभरात पंजाबच्या जेसीटीनेही आपला संघ गुंडाळला. या संघाने तर राष्ट्रीय लीगची पहिलीच स्पर्धा जिंकली होती.

पुण्याची फिरती जागा

पुण्याची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसीची स्थापना केली. कंपनीचा क्रीडा विभाग नव्हे, तर स्वतंत्र व्यावसायिक क्लब, हे त्याचे वेगळेपण होते. बालेवाडीच्या क्रीडानगरीत खेळणारा हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१४ मध्ये एएफसी चषकात उतरला. त्याच्या अकादमीने कुमारगटात राष्ट्रीय पातळीवर दबदबा निर्माण केला.

मात्र २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अवतरली आणि चित्र पालटले. चित्रतारे, उद्योगपती आणि दूरचित्रवाणी यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या या स्पर्धेत पुण्याचा स्वतंत्र संघ होता, तो म्हणजे एफसी पुणे सिटी. एकाच शहरात दोन लीगचे संघ नांदू लागले. प्रायोजक आणि प्रसिद्धी नव्या लीगकडे वळली. २०१४-१५ च्या हंगामानंतर पुणे एफसीने वरिष्ठ पातळीवरून माघार घेतली आणि त्याची अकादमी पुढे पुणे सिटीकडे गेली. याच काळात कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये एकच हंगाम खेळून अंतर्धान पावला.

नवा संघ तरी टिकावा? २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठणारा पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये बंद झाला. त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली, हैदराबादने २०२१-२२ मध्ये विजेतेपदही मिळवले आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला हलली. क्लब हा गावाचा असतो, ही कल्पनाच येथे मोडीत निघाली. मुंबईत मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर फेकला गेला आणि थांबला. दोनदा सुपर लीग करंडक जिंकणाऱ्या मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप या बलाढ्य विदेशी भागीदाराने डिसेंबर २०२५ मध्ये अंग काढून घेतले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यापारी चालक यांच्यातील पंधरा वर्षांचा करार संपत आल्याने २०२५ मध्ये लीगच अधांतरी लोंबकळली होती.

युरियाच्या नावाचा क्लब

हा रोग केवळ भारतीय नाही. रशियातील पर्म शहरात १९९५ मध्ये खत कारखान्याच्या आश्रयाने अमकार हा क्लब जन्मला. अमोनिया आणि कार्बामाइड, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाचा युरिया, यांच्या आद्याक्षरांतून त्याचे नाव सिद्ध झाले. २००८ मध्ये देशातील सर्वोच्च लीगमध्ये चौथा क्रमांक मिळवणारा हा क्लब २०१८ मध्ये परवान्याअभावी बंद पडला. त्याच वर्षी टोस्नो या लहान गावाच्या क्लबने मे महिन्यात रशियन चषक जिंकला आणि जूनमध्ये तो विसर्जित झाला. कारखाना असो वा प्रांतिक सरकार, एकाच तिजोरीवर विसंबलेला क्लब त्या तिजोरीचे झाकण मिटताच संपतो.

पेठांचे फुटबॉल

याउलट चित्र कोल्हापुरात दिसते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्यापैकी कोणीही राष्ट्रीय लीग जिंकलेली नाही. परंतु शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. संघाचा खर्च वर्गणी, स्थानिक व्यापारी आणि हितचिंतक यांच्यात विभागलेला असल्याने एक दाता गेला म्हणून संघ मोडत नाही. या व्यवस्थेतही दोष आहेत. समर्थकांच्या हुल्लडबाजीने अनेकदा खेळाला गालबोट लागले आहे, आणि पेठेच्या ईर्षेतून राष्ट्रीय दर्जाचा क्लब अद्याप उभा राहिलेला नाही. तरीही २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला, हे विसरून चालणार नाही.

बुलडाण्याने काय घ्यावे

त्याच वर्षी राज्य शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम राबवला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. चेंडूंची हवा गेली, पण पुढे काय हे कोणी सांगितले नाही. बुलडाणा, चिखली, खामगाव वा मलकापूरच्या मुलाची वाटचाल आजही आंतरशालेय स्पर्धा, मग विभागीय निवड आणि शेवटी दहावी-बारावीचे वाढीव गुण एवढ्यावरच थांबण्याची शक्यता अधिक. पूर्वी मुंबईची गाडी पकडून कंपनीच्या निवड चाचणीला जाण्याची एक वाट तरी होती. ती बुजली आणि तिच्या जागी दुसरी तयार झालेली नाही.

मोठ्या उद्योगाची वाट पाहत बसणे हा यावरचा उपाय नव्हे, हे महिंद्र आणि पुण्याने दाखवून दिले आहे. शेगावसारख्या ठिकाणी लोकसहभागातून केवढी संस्था उभी राहू शकते, हे या जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. तालुक्यागणिक एक क्लब, वर्गणीदार सभासद, दरवर्षी जाहीर होणारा हिशेब आणि नियमित चालणारी जिल्हा लीग यांना फार मोठे भांडवल लागत नाही. सातत्य मात्र लागते. गोव्याच्या धेंपो क्लबने २०१६ मध्ये आय-लीग सोडली तरी स्थानिक स्पर्धांतून संघ जिवंत ठेवला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा राष्ट्रीय पातळीवर परतला. खाली पाया शिल्लक असेल तर वरचा मजला पुन्हा बांधता येतो. पायाच नसेल तर करंडक कितीही असोत, ते शेवटी कपाटातच राहतात.