हिशेब संगणकात ठेवला, त्याची दुसरी प्रत कुठे आहे?

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याच्या व्यवहाराची लेखी नोंद ठेवण्याचा हुकूम आहे. मुदतीचे कर्ज असेल तर ते लिहून घ्यावे, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार करावेत आणि रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे त्यात बजावले आहे. आमच्या वाडवडिलांनी हा हुकूम लाल वहीत पाळला. आता तळोद्याच्या बाजारातही वहीची जागा टॅलीने आणि मोबाइलमधल्या खात्याने घेतली आहे. त्यात वाईट काही नाही. मात्र लिहिलेले टिकवणे हाही लिहिण्याचाच भाग आहे, आणि तिथे आपण कमी पडतो.

आमच्या भागातला धंदा उधारीवर चालतो. सातपुड्याच्या पाड्यांवरचा गिऱ्हाईक कापूस किंवा मिरची विकल्यावर, उसाचा पैसा आल्यावर खाते मिटवतो. दुकानदार सुरतेच्या व्यापाऱ्याचे देणे लागतो, कारागिराची मजुरी दुकानदाराकडे जमा असते. म्हणजे संगणकातला हिशेब एकट्या मालकाचा नसतो. त्यात दहा जणांची अमानत असते. तो नाहीसा झाला तर गिऱ्हाइकाने भरलेला हप्ता बुडतो, कारागिराची मजुरी वादात पडते आणि वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात.

नुकसान काय असते ते चिपळूणकरांना विचारावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरची दुकाने बुडाली. त्या पुरात एसटीच्या आगारप्रमुखांनी लाखोंची रोकड वाचवण्यासाठी बसच्या टपावर तासन् तास काढले. रोकड उचलून वर नेता आली. भिजलेल्या संगणकातली उधारी वर नेता येत नाही, ती आधीच दुसरीकडे ठेवलेली असावी लागते. आमची तापीही काही परकी नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तिनेच सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली घातला होता. तळोद्यात पूर आला नाही तरी विजेचा झटका, आग, चोरी किंवा बिघडलेली हार्ड डिस्क पुरेशी असते.

दुसरे संकट दिसत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. ‘मोठ्या शहरांचे दुखणे, आपल्याला काय’ असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. जुलै २०२४ मध्ये सी-एज या कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार खोळंबले. गावाचा आकार पाहून व्हायरस येत नाही.

इथे एक कडवट गोष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळ दुकानांत हिशेबाचे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ केलेले, म्हणजे चोरीचे असते. अशा प्रतीबरोबर व्हायरस घरात येण्याचा धोका मोठा, शिवाय अडचण आल्यावर कंपनीकडे दाद मागता येत नाही. आणि हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या वस्तूवर लिहावा का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. जीएसटीची नोंदणी असलेल्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. हिशेब संगणकात असेल तर अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नष्ट झाल्यावर वाजवी वेळेत परत उभा करता येईल असा बॅकअप ठेवणे नियम ५७ प्रमाणे बंधनकारक आहे. ‘कॉम्प्युटर खराब झाला’ हे अधिकाऱ्यासमोर उत्तर होऊ शकत नाही.

उपाय महाग नाही. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक दुकानाबाहेर असावी. एक प्रत संगणकात. दुसरी पेन ड्राइव्हवर, रोज दुकान वाढवताना घेतलेली. तिसरी आठवड्यातून एकदा घरी ठेवलेल्या हार्ड डिस्कवर किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. पेन ड्राइव्ह कायम संगणकाला लावून ठेवला तर व्हायरस त्यालाही सोडत नाही, म्हणून काम झाले की काढून ठेवावा. महिन्यातून एकदा ही प्रत दुसऱ्या संगणकावर ‘रिस्टोअर’ करून उघडते का ते पाहावे. न तपासलेला बॅकअप आणि नसलेला बॅकअप यांत फारसा फरक नाही.

मोबाइलवर खाते लिहिणाऱ्यांनी महिन्याला त्याची पीडीएफ काढून जपावी. कंपन्या कायम राहतात असे समजू नये. ‘क्विकबुक्स’सारख्या जगभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने २०२३ मध्ये भारतातले काम बंद केले. ज्या सॉफ्टवेअरमधून आपला हिशेब बाहेर काढता येत नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

पासवर्डच्या बाबतीत आपण दोन टोकांना आहोत. काही दुकानांत मालक, मुनीम आणि महिन्याला येणारा ऑपरेटर एकच पासवर्ड वापरतात, आणि ऑपरेटर सगळा हिशेब स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन जातो. हे बंद झाले पाहिजे. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यावा आणि हिशेबाची प्रत बाहेर जाताना मालकाची परवानगी असावी. उलट काही जण पासवर्ड बायकामुलांनाही सांगत नाहीत. टॅलीतल्या व्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर कंपनीलाही तो काढून देता येत नाही. मालकाचा इंतकाल झाला तर काय? शरीयतप्रमाणे मय्यतीचे कर्ज फेडल्याशिवाय वारसांना हिस्सा नाही. कुणाचे किती देणे आहे हे कुलूपबंद राहिले तर वारस ते फेडणार कसे? म्हणून पासवर्ड कागदावर लिहून बंद लिफाफ्यात घरातल्या भरवशाच्या माणसाकडे ठेवावा आणि बदलला की लिफाफाही बदलावा.

हे काम एकेकट्याने होत नसेल तर बाजारातल्या चार-पाच दुकानदारांनी मिळून एक जाणकार तरुण नेमावा. छोट्या कारागिरालाही त्यात सामील करून घ्यावे, कारण मजुरीचा वाद झाला की पुरावा नसणारा तोच असतो. मशीद आणि मदरशाच्या कमिट्यांचे हिशेबही याच शिस्तीत आणावेत, तो तर साऱ्या जमातीचा पैसा आहे.

रमजानमध्ये जकात काढताना माल किती, येणे किती, देणे किती याचा हिशेब लागतोच. तो लावायला बसण्यापूर्वी बॅकअपची व्यवस्था करून घ्यावी. पाचशे-सातशे रुपयांचा पेन ड्राइव्ह आणि रोजची दहा मिनिटे एवढाच खर्च आहे.