शिराळ्याची जुनी फीत आणि नवा पडदा

सांगली जिल्ह्यातील शिराळा, म्हणजे जुन्या लोकांचे बत्तीस शिराळा, येथील नागपंचमी एके काळी कशी साजरी होत असे, हे आज तेथील शाळेत शिकणाऱ्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जिवंत नाग पकडणे, मिरवणे आणि त्यांच्या स्पर्धा भरविणे यांना पायबंद घातला. तेव्हापासून पूजा होते ती प्रतिमेची. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शैक्षणिक आणि पारंपरिक ज्ञानाच्या जतनाच्या हेतूने अत्यंत मर्यादित परवानगी दिली आणि जुना वाद पुन्हा जागा झाला. नागांना इजा होत नव्हती, पूजेनंतर त्यांना पुन्हा रानात सोडले जाई, असे परंपरेचे पाठीराखे सांगतात. प्राणिमित्रांना ते मान्य नाही. या दोन्ही बाजूंना आपल्या म्हणण्यासाठी साक्ष हवी असेल, तर ती आता प्रामुख्याने जुन्या चित्रीकरणातच शोधावी लागते.

हे चित्रीकरण थोडेथोडके नाही. घरोघरी पूजले जाणारे मडक्यांतील नाग, अंबामातेच्या देवळाकडे निघणारी मिरवणूक, बैलगाड्यांवर आणि पुढे ट्रॅक्टरवर फणा काढून उभे राहिलेले नाग, हे सारे टिपायला वृत्तवाहिन्यांपासून परदेशी माहितीपटकारांपर्यंत अनेकांचे कॅमेरे येत. शिवाय लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या स्थानिक छायाचित्रकारांच्या व्हीएचएस फिती आहेतच. प्रश्न आहे तो या फितींचे करायचे काय, हा. जुनी दूरचित्रवाणी दृश्ये 'हाय डेफिनिशन'मध्ये, किंवा त्याहून पुढे जाऊन 'फोर के'मध्ये उजळून दाखविण्याची सध्या सर्वत्र अहमहमिका आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हा आपला मंच सुरू केला, तोही प्रामुख्याने जुन्या मालिकांच्या आठवणींवर विसंबून. प्रेक्षकाला जुने हवे आहे, पण ते नव्या, रुंद पडद्यावर स्वच्छ दिसायला हवे आहे. ही अपेक्षा साधी वाटते, पण ती पुरी करता येईल की नाही हे आजच्या संगणकावर अवलंबून नसून त्या काळी दृश्य कशावर उतरविले होते यावर अवलंबून आहे.

फिल्मवरील चित्रीकरणाची गोष्ट वेगळी. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) हा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला चित्रपट. तो २०२४ मध्ये कान महोत्सवात नव्या रूपात दाखविला गेला. त्याची मूळ निगेटिव्ह जीर्ण झाली होती, आवाजाची निगेटिव्ह हाती नव्हती, तरीही फिल्म हेरिटेज फाउंडेशनला ते काम तडीस नेता आले. कारण ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये आजच्या पडद्याला पुरून उरेल इतका तपशील मुळातच साठलेला असतो. तो बाहेर काढायचा असतो, निर्माण करायचा नसतो. अमेरिकेतील 'फ्रेंड्स' ही मालिका आज स्वच्छ दिसते ती याच कारणाने.

तेथेही सारे सुरळीत झाले असे नाही. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) या मालिकेचे चित्रीकरण फिल्मवर झाले होते, पण संकलन आणि चमत्कृतिदृश्यांची जुळणी व्हिडिओ फितीवर. त्यामुळे २०१२ पासून तिची नवी आवृत्ती काढताना निगेटिव्हचे तुकडे शोधून सातही पर्वांचे संकलन पहिल्यापासून करावे लागले. एवढा खर्च करूनही विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच मालिकेच्या पुढच्या भावंडांना हे भाग्य लाभले नाही. जेथे पैसा आणि निगेटिव्ह दोन्ही होते तेथील ही कथा.

मराठी दूरचित्रवाणीजवळ दोन्ही नव्हते. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमांनी एक पिढी घडविली, पण त्या काळी व्हिडिओ फीत महाग होती आणि एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा उतरविणे हा जगभरच्या केंद्रांचा रिवाज होता. श्रीमंत बीबीसीनेही 'डॉक्टर हू'चे कित्येक भाग असेच पुसून टाकले. जे उरले ते फितीवर उरले, आणि फितीला तिची मर्यादा असते.

ही मर्यादा आकड्यांत मांडता येते. भारतात चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चित्रात ५७६ रेषा असत. संगणकाच्या भाषेत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत बिंदू. हाय डेफिनिशनच्या पूर्ण पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. बरोबर पाचपट. जुन्या फितीने हा पडदा भरायचा तर दर पाच बिंदूंपैकी चार कुठून तरी आणावे लागतात. व्हीएचएसमध्ये तर मुळातले बिंदूही एवढे स्वच्छ नसतात.

ते चार बिंदू आणतो संगणक. शेजारच्या बिंदूंची सरासरी काढून ते भरले तर चित्र मोठे पण धूसर दिसते; यात फसवणूक नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने मात्र याहून पुढे जातात. लक्षावधी चित्रांवरून शिकलेले हे तंत्र 'येथे काय असावे' याचा अंदाज बांधून ते रेखाटते. विनोदी मालिकेतील भिंतीचा रंग थोडा बदलला तर फारसे बिघडत नाही. पण शिराळ्याच्या फितीत नागाच्या अंगावर जखम होती की नव्हती, त्याचे तोंड शिवलेले होते की मोकळे, हाताची पकड कशी होती, हेच तर पाहायचे असते. धूसर ठिपक्याच्या जागी संगणकाने गुळगुळीत खवले काढून दिले, फण्यावरची दहाच्या आकड्यासारखी खूण ठळक करून दिली, तर चित्र देखणे होईल आणि साक्ष म्हणून निकामी होईल. माणसांच्या चेहऱ्यांचे तर याहून अवघड. गर्दीतील अस्पष्ट चेहऱ्याला संगणक जो चेहरा देतो तो कोणाचाच नसतो, किंवा भलत्याचाच असू शकतो. जे कृत्य आज कायद्याने गुन्हा ठरते, त्या दृश्यात असा उसना चेहरा चिकटणे ही किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

पडद्याच्या आकाराचा प्रश्नही असाच. जुने चित्र चारास तीन या प्रमाणात, नवा पडदा सोळास नऊ. बाजूचे काळे पट्टे प्रेक्षकाला खुपतात म्हणून वरचा-खालचा भाग छाटला जातो, आणि त्यात उंचीचा एक चतुर्थांश जातो. नेटफ्लिक्सवर २०२१ मध्ये आलेल्या 'साइनफेल्ड'च्या एका भागात ज्या खड्ड्यावर विनोद बेतला होता तो खड्डाच या छाटणीत गेला. उभ्या फण्याचा नाग हे तर मुळातच उभे चित्र. छाटणी केली की एक तर फणा जाईल, नाही तर खालचे मडके आणि ते धरणारा हात.

आणखी एक अडचण आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. जुना कॅमेरा एक चित्र एकदम घेत नसे. विषम रेषा आधी, सम रेषा नंतर, अशी सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे तो टिपत असे. या दोन अर्ध्यांच्या मध्ये डुलणारा फणा जागा बदलतो. आजच्या पडद्यावर ती एकत्र आणली की कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा उमटतात. त्या घालविण्यासाठी घाईघाईने एक अर्धे टाकून दिले, तर हालचालीची निम्मी नोंद कायमची गेली. समाजमाध्यमांसाठी घरच्या घरी केलेल्या नकलांत नेमके हेच सर्रास होते.

म्हणून या कामाचा क्रम उलटा हवा. मूळ फितीची जशीच्या तशी, दोन्ही अर्ध्या चित्रांसह, न छाटलेली अंकीय प्रत आधी. उजळपणा नंतर, वेगळ्या प्रतीत, आणि तसे स्पष्ट लिहून. वर्ष, गल्ली, मंडळ, चित्रीकरण करणाऱ्याचे नाव ही माहिती सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर ती फितीसोबत नोंदविली गेली पाहिजे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्याचा भर स्वाभाविकपणे चित्रपटांवर आहे. दूरदर्शनचा संग्रह दूरदर्शनपुरता. तालुक्याच्या गावातील छायाचित्रकाराच्या कपाटातील फीत यांपैकी कोणाच्याच कक्षेत ठळकपणे येत नाही. जिल्हा ग्रंथालय, विद्यापीठाचा इतिहास विभाग किंवा नगरपंचायत यांपैकी कोणी तरी ती जबाबदारी अंगावर घेतल्याखेरीज हे होणार नाही. लागणारा पैसा मालिकेच्या एका भागाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

वेळ मात्र फारसा नाही. चांदोलीच्या पायथ्याच्या पावसाळी हवेत चुंबकीय फितीला बुरशी धरते, तिचा लेप चिकट होऊन सुटतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत वारणा-कृष्णाकाठच्या घरांत पाणी शिरले ते वेगळेच. चुंबकीय फिती वाजविणे २०२५ च्या सुमारास बहुतेक ठिकाणी अशक्य होईल, असा इशारा युनेस्कोच्या पाठबळाने झालेल्या एका उपक्रमाने आधीच दिला होता, आणि ती मुदत उलटून गेली आहे. व्हीएचएसचे यंत्र बनविणारी फुनाई ही जपानमधील शेवटची कंपनी २०१६ मध्येच थांबली. आज जी यंत्रे चालतात ती जुन्यांचे सुटे भाग काढून चालविलेली, आणि ती दुरुस्त करणारे कारागीर साठीच्या पुढचे आहेत.