वहिनींचे काय चुकले?

आमच्या पलूस भागात पक्षाघाताला पक्षाघात कोणी म्हणत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. या एका वाक्यात रोगाची सारी मीमांसा आली. वारे कुठून आले आणि कुठे गेले, हे कोणाला ठाऊक नाही. ते गेले एवढेच खरे. आणि वारेच म्हटल्यावर ते उतरवणारेही गावोगाव असायचेच.

३० सप्टेंबर २०११ ची गोष्ट. द्राक्षछाटणीचे दिवस होते. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, सकाळी सातच्या सुमारास बागेकडे निघाले आणि अंगणातच खाली बसले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लोंबू लागला, जीभ जड झाली. वहिनींनी शेजारच्या मुलाकडून मला फोन लावला. मी तेव्हा सांगलीत बँकेच्या नोकरीत होतो आणि तो नेमका अर्धवार्षिक हिशेब बंद करण्याचा दिवस होता. मी म्हणालो, “रक्तदाब वाढला असेल. झोपवून ठेवा. संध्याकाळी गाडी घेऊन येतो.” दुपारी एका हितचिंतकाने पारवा आणून त्याचे रक्त दादांच्या हातापायांना चोळले. रात्री नऊला आम्ही जवळच्या शहरातल्या एका रुग्णालयात पोहोचलो. सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, “रक्ताची गुठळी आहे. साडेचार तासांच्या आत आणले असते तर एक इंजेक्शन देता आले असते.” पुढे ते काही बोलले नाहीत. बोलण्यासारखे काही उरलेही नव्हते.

सातव्या दिवशी दादांना घरी सोडले. निघताना एका फिजिओथेरपिस्टने वहिनींना पंधरा मिनिटे व्यायाम दाखवले आणि चित्रांचा एक कागद हातात दिला. त्या कागदावर वहिनींनी सहा वर्षे काढली. पहाटे दादांचा हात शंभर वेळा वर-खाली करायचा, पाय वाकवायचा, भिंतीला धरून चालवायचे, मग जनावरे, मग स्वयंपाक, दुपारी पुन्हा हात. दादांची वाचा थोडी परतली, काठी टेकत ते अंगणापर्यंत येऊ लागले. हात मात्र लोंबता तो लोंबताच राहिला. २०१७ च्या उन्हाळ्यात ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, एवढं केलं, तरी ह्यांचा हात काय उचलला न्हाई. माझंच कुठं चुकलं ओ?”

कादंबऱ्या लिहिणाऱ्याकडे अशा प्रश्नांची उत्तरे असतात, असा लोकांचा समज असतो. माझ्याकडे नव्हते. ते काही महिन्यांनी मिळाले, तेही कराडला फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या भाचीने आणून दिलेल्या एका संशोधन-निबंधात. दादा गेले त्याच वर्षी तो निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला होता.

दोन खतावण्या

अशी चाचणी होते कशी, ते आधी पाहू. रुग्णाला औषध दिले आणि त्याला बरे वाटले, म्हणजे ते औषधानेच वाटले असे सिद्ध होत नाही. पक्षाघातात तर मुळीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू पुष्कळदा आपणहून बराच सावरतो, आणि त्या वेळी जो कोणी खाटेपाशी उभा असेल त्याच्या पदरात श्रेय पडते. मग तो डॉक्टर असो, मालिशवाला असो, नाहीतर पारवेवाला असो. हा घोटाळा टाळायचा तर रुग्णांचे दोन गट करावे लागतात. कोणी कुठल्या गटात जायचे, हे ना डॉक्टरने ठरवायचे, ना नातेवाइकांनी; ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला तेच उपचार अधिक काहीतरी नवे. ठरलेली मुदत संपली की, कोण कुठल्या गटात होते हे ठाऊक नसलेला माणूस दोन्हीकडची मोजदाद करतो. बँकेतही रोकड मोजणारा वेगळा आणि ती तपासणारा वेगळा असे. त्यात कोणाच्या सचोटीवर संशय नसतो. पण हवा तोच आकडा दिसणे हा मनुष्यस्वभाव आहे.

भाचीने आणलेल्या निबंधातल्या चाचणीचे नाव ‘अटेंड’. भारतातल्या १४ रुग्णालयांत जानेवारी २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात १,२५० रुग्ण तीत घेतले गेले. प्रश्न अगदी आपल्या घरातला होता. देशात फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, घरी माणसे मात्र आहेत. मग रुग्णालयातच घरच्या एका माणसाला नीट शिकवले, रुग्णाबरोबर बसून उद्दिष्टे ठरवली आणि पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी सराव करून घेतला, तर रुग्ण अधिक सावरेल काय?

सहा महिन्यांनी हिशेब झाला. ज्यांच्या घरच्यांना शिकवले होते त्या ६०७ रुग्णांपैकी २८५ जण दगावले होते किंवा परावलंबी राहिले होते. ज्यांच्या घरच्यांना वेगळे काही शिकवले नव्हते त्या ६०५ पैकी २८७. दोन्हीकडे शेकडा ४७. खतावणीच्या दोन पानांची बेरीज इतकी तंतोतंत जुळलेली मी नोकरीतही क्वचितच पाहिली असेल.

याचा अर्थ घरच्यांची सेवा फुकट जाते असा कोणी काढू नये. ज्यांना शिकवले नव्हते तेही नातेवाईक काही हातावर हात ठेवून बसले नसणार. भरवणे, कूस बदलणे, धरून चालवणे आपल्याकडे दोन्ही गटांत झालेच असेल. चाचणी एवढेच सांगते की, या मायेवर काही दिवसांच्या शिकवणीचे ठिगळ लावून प्रशिक्षित माणसांची उणीव भरून निघाली नाही. नव्या पुनर्वसन सेवा उभारताना हे काम घरच्यांवर सोपवण्यात पैसा घालावा, याला आजच्या पुराव्याचा आधार नाही, असे संशोधकांनीही स्पष्ट लिहिले. एका विशिष्ट माणसाबद्दल अशी चाचणी काहीच सांगू शकत नाही, हेही खरे. पण वहिनींना मिळाले त्याहून कितीतरी अधिक शिक्षण ज्या शेकडो घरांना मिळाले, त्यांच्याही पदरी वेगळे काही पडले नाही, एवढे तर कळतेच.

उत्साहाची झडती

या क्षेत्रातले संशोधन वाचू लागल्यावर मला एका गोष्टीचे कौतुक वाटले. ते आपल्याच उत्साहाची झडती घेते. पक्षाघाताच्या रुग्णाला लवकर आणि भरपूर उठवावे-चालवावे, हे कोणालाही पटेल. ‘ॲव्हर्ट’ या पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत चोवीस तासांच्या आत, वरचेवर उठवण्याचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटा. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण घाई केलेल्या गटात शेकडा ४६ होते, तर नेहमीच्या गटात ५०. ज्याला कोणीही निरुपद्रवी म्हणेल, तेच थोडे अपायकारक निघाले.

स्टेम सेलचेही तसेच. जमीन विकून लाख-लाख रुपये घेऊन निघालेली माणसे बँकेच्या खिडकीवर मी पाहिली आहेत. आपल्याच देशात पाच केंद्रांमध्ये १२० पक्षाघाताच्या रुग्णांवर, त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन चाचणी झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: उपचार सुरक्षित आहे, पण फायदा दिसला नाही. पुढे ‘स्प्रिंट इंडिया’ या चाचणीत ३१ केंद्रांतल्या सुमारे ४,३०० रुग्णांपैकी निम्म्यांना बारा भाषांतून मोबाइलवर संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका दिली. औषधे नियमित घेण्याचे प्रमाण वाढले, दारू-तंबाखू काहींनी सोडली. परंतु वर्षभरात पुन्हा झटका येण्यासारख्या घटना कमी झाल्या नाहीत. २०२३ मध्ये तेही प्रामाणिकपणे छापले गेले. पारवेवाल्याने आपले अपयश कधी छापल्याचे ऐकिवात नाही. फरक असेल तर तो इथे आहे.

मग उपयोग कशाचा होतो?

होतो, आणि त्यातले बरेचसे अगदी साधे आहे. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष असावा, तिथे डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचार करणारे यांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करावा, एवढ्याने मृत्यू आणि परावलंबन दोन्ही घटतात, हे १९९० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियातल्या १९ कक्षांपैकी १० कक्षांत परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोर पाळायला लावल्या: ताप वाढू द्यायचा नाही, साखर वाढू द्यायची नाही, आणि नीट गिळता येते का हे तपासल्याखेरीज तोंडात काही घालायचे नाही. तीन महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण या कक्षांत शेकडा ४२ होते, इतर कक्षांत ५८. हा निकाल २०११ चा, म्हणजे दादांच्या आजाराच्याच वर्षीचा. देश वेगळे, रुग्ण वेगळे. त्यामुळे हे आकडे ‘अटेंड’च्या आकड्यांशेजारी मांडून वजाबाकी करता येणार नाही. तरीही, शिकलेली परिचारिका हा खर्च नसून उपचार आहे, एवढे त्यातून कळते.

हाताबद्दलही एक चाचणी आहे. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या, हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असलेल्या २२२ रुग्णांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन् तास कामे करून घेतली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दुबळ्या हाताची सुधारणा वर्षभर टिकली. पण हे काम घरी भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून होत नाही. त्यासाठी रुग्णासमोर तासन् तास बसणारा शिकलेला माणूस लागतो, आणि दादांसारखा ज्याचा हात मुळीच हलत नाही त्याला तीही वाट बंद असते.

असा माणूस आमच्यासारख्या गावात किती जणांच्या वाट्याला येतो? मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकातच सुरू झाले. मिरजेची तर आरोग्यपंढरी म्हणून ख्याती आहे, आणि कराडलाही फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. तरीही खेड्यातल्या रुग्णाच्या दृष्टीने ही सारी पंढरी दर्शनापुरतीच. रुग्ण घरी आला की वारी संपली. विम्याच्या बहुतेक योजना रुग्णालयाच्या खाटेला बांधलेल्या असतात. खाट सुटली की योजनाही सुटते. खरा आजार तर तिथून पुढे सुरू होतो.

हा प्रश्न केवढा मोठा आहे, हे महाराष्ट्रातच मोजले गेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले. शंभरांतले १४ मृत्यू त्याचे, आणि त्यांतले बहुसंख्य घरीच झालेले. पक्षाघात हा शहरातल्या सुखवस्तूंचा रोग आहे, अशी माझीही समजूत होती. ती त्या ८६ गावांनी मोडली.

तेव्हा मागणे फार मोठे नाही. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पक्षाघाताचा वेगळा कक्ष हवा. तालुक्याच्या ठिकाणी कायम नेमलेला आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गावात जाणारा फिजिओथेरपिस्ट हवा. गावातच रक्तदाब मोजून गोळी वेळेवर मिळायला हवी. झटका टाळण्याचा त्याहून स्वस्त मार्ग नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, ज्यांना फार आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. सहा वर्षांची सेवा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, कारण ती करणारी बहुधा घरची बाई असते आणि तिच्या तासांना दर लावलेला नसतो. तो लावून पाहिला, तर प्रशिक्षित माणसांवरचा खर्च आपल्याला महाग वाटणार नाही.

वाचकांपैकी कोणाला आपल्या रुग्णाला चाचणीत घेण्याविषयी विचारले गेले, तर घाबरून नकार देऊ नये आणि डोळे मिटून सहीही करू नये. २००९ पासून आपल्या देशात अशा चाचण्यांची नोंदणी सरकारी नोंदवहीत करावी लागते. तो क्रमांक मागावा. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी आणून वाचावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीतल्या उपचारासाठीच कोणी पैसे मागू लागला, तर मात्र तिथून उठावे.

निबंध वाचल्यावर मी वहिनींना सोप्या भाषेत सारे सांगितले. ६०७ आणि ६०५, २८५ आणि २८७. त्या आकडे ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. मग मी म्हणालो, “वहिनी, चुकले असेल तर ते पहिल्या दिवशी सकाळी, आणि ते माझे. मी संध्याकाळी येतो म्हणालो.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमास्नी तरी कुठं ठावं हुतं?”

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका बाईचे बोलताना तोंड वाकडे झाले. वहिनींनी तिला हात वर करायला सांगितले. एक हात खाली आला. त्यांनी कोणाला विचारले नाही, मलासुद्धा नाही. १०८ ला फोन लावायला सांगितला आणि दारात पारवा घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवले. दोन तासांच्या आत ती बाई रुग्णालयात होती.